सोसायाच्या मांडीचं हाड

व्हेल मासे पिलं घेऊन पश्चिमेच्या खोल पाण्यात आले की मोटुलालो बेटावर कोनफळं लावायला घ्यायची. ते परत निघायच्या आत शेवटचा तुकडा मातीत गेला पाहिजे. त्या वर्षी मासे येऊन महिना झाला होता, उन्हं तापायला लागली होती, आणि लिसिआतेच्या रानात अजून निम्म्यावर खड्डे व्हायचे राहिले होते.

कोनफळाचा खड्डा म्हणजे काही खेळ नाही. कमरेइतकं खोल जायचं, तळाची माती हातानं चोळून पिठासारखी करायची, मग कोंब वर करून तुकडा ठेवायचा. खाली माती जितकी मऊ तितकं कोनफळ सरळ उतरतं. पूर्वी लिसिआते दिवसाला वीस खड्डे काढायचा. आता आठ झाले तरी त्याच्या तोंडाला फेस येई. उजवा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. डावा गुडघा टेकायचा, उजवा पाय बाजूला लांब सोडायचा आणि तिरकं होऊन पहार मारायची.

गाठ गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला, चार बोटांवर होती. ती लहानपणापासूनच होती. लिंबाएवढी, हाडासारखी कडक, दुखत नव्हती. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "देवानं गुडघा करताना माती उरली, ती इथं थापली." पण गेल्या सुगीपासून ती फुगायला लागली. आता कोवळ्या नीरफणसाएवढी झाली होती. भर दुपारीसुद्धा पायाचा तेवढा भाग गार लागायचा. आणि त्याचा कुत्रा, जो आठ वर्षं त्याच्या टाचेशी झोपला, तो आता चार हातांवर बसायचा आणि त्या पायाकडं बघून हलकेच गुरगुरायचा. लिसिआतेकडं बघून शेपटी हलवायचा, आणि पायाकडं बघून गुरगुरायचा.

"तुझा तो पाय म्हणजे पाद्रीबाबाचा मेहुणा झालाय," फेलेती शेजारच्या ओळीतून म्हणाला. फेलेती त्याच्या बापाच्या मामाकडचा. भाऊही आणि सोबतीही. "काम काडीचं नाही, पण बसला की पुरुषभर जागा लागते."

"तुला हेवा वाटत असेल तर घेऊन जा."

"नको बाबा. माझे दोन मेहुणे आधीच घरात आहेत."

दोघं हसले. तेवढ्यात बांधावरून पिसिला येताना दिसली. लिसिआतेची बायको चालायची ती नेहमी रमतगमत, दोन घरं हाका मारत. आज ती सरळ येत होती.

"बोट आली," ती म्हणाली. "फेहियाबाईंनी बोलावलंय. कागद आलेत."

"किती कागद?" फेलेतीनं विचारलं.

"दोन."

*

बेटावर डॉक्टर नव्हता. एका खोलीचा दवाखाना आणि फेहिया नर्स, एवढंच. पाच आठवड्यांमागं लिसिआते मोठ्या बेटावर गेला होता. तिथं पायाचा फोटो काढला. परदेशातून महिनाभरासाठी आलेल्या सर्जननं गाठीत जाड सुई घालून हाडाचा तुकडा काढला. तुकड्याचे दोन भाग केले. एक तिथल्या डॉक्टरनं सुवा शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. दुसरा तो सर्जन जाताना आपल्याबरोबर ऑकलंडला घेऊन गेला.

फेहियानं दोन्ही कागद मेजावर शेजारी शेजारी ठेवले होते. ती आधी दोघांना पाणी द्यायला उठली. नर्स पाणी देते म्हणजे बातमी बरी नसते, हे पिसिलाला कळलं.

"सुवाचे डॉक्टर म्हणतात, हाडाचा कॅन्सर आहे," फेहिया म्हणाली. "पाय मांडीतून काढायचा. तोही लवकर. थांबलं तर ते छातीत चढतं, आणि मग काही हातात राहत नाही."

लिसिआतेनं पाण्याचा पेला तसाच धरून ठेवला.

"आणि ऑकलंडचे म्हणतात, कॅन्सर नाही. हाडाला फुटलेला साधा कोंब आहे. काही घराण्यांत असतो. सहा महिन्यांनी परत फोटो काढा, फार त्रास झाला तर तेवढाच तासून टाकू."

"एकाच हाडाचे तुकडे ना?" पिसिलानं विचारलं.

"एकाच."

"मग मी अर्धा मरणार म्हणायचं," लिसिआते म्हणाला.

फेहिया हसली नाही. "मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी खाली लिहिलंय. त्यांचं मत पाय काढावा असं आहे. राजधानीच्या इस्पितळात तीन आठवड्यांनी गुरुवारची तारीख धरून ठेवलीय. मंगळवारच्या बोटीनं निघावं लागेल. पण ते म्हणतात, घरच्यांनी ठरवून कळवावं."

परत येताना पिसिला त्याच्या चालीनं चालत होती, म्हणजे फार हळू.

"यात ठरवायचं काय?" ती म्हणाली. "एक म्हणतो होडीला भोक आहे, दुसरा म्हणतो नाही. तू त्या होडीत पोरींना बसवशील?"

"भोक असेल म्हणून कुणी होडीचे तुकडे करत नाही."

"तुझा पाय आहे म्हणून तू तसं बोलतोस."

"माझा पाय आहे म्हणूनच बोलतोय," तो म्हणाला. "एका पायानं कोनफळाचा खड्डा निघतो का, सांग? मग मी काय, तुझ्यासारख्या चटया विणू?"

"विण की. तुझ्या हातून विणली तर बरी तरी होईल. माझी सैल येते म्हणतोस ना?"

त्याला हसू आलं नाही. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "आत्याला विचारू."

बापाच्या बहिणीचा शब्द आला की बायकोचा शब्द संपला, हे पिसिला माहेराहूनच शिकून आली होती. तीही तिच्या भाच्यांची आत्या होतीच.

*

तोआकासे आत्या ऐंशीच्या पुढं गेली होती. तिच्या घरात शिरताना घराण्यातले बाप्ये कमरेत वाकून शिरत. लिसिआते वाकला, पण बसताना पंचाईत झाली. मांडी घालता येईना. पाय लांब सोडावा तर तळवा सरळ आत्याच्या तोंडाकडं होई. तो भिंतीकडं सरकला, तिरका झाला, पुन्हा सरकला. घामाघूम झाला. शेवटी पाय जायचा तिकडंच गेला. वडीलधाऱ्यांपुढं जाताना कमरेला गुंडाळतात ती आपली चटई पिसिलानं घाईनं सोडून त्या पायावर टाकली.

"पाय कुणाकडं करून बसलायस, लिसिआते?" आत्या म्हणाली.

"वळत नाही, आत्या."

"बापाचाही वळत नसे." एवढं बोलून ती थांबली, जसं काही नको ते तोंडातून गेलं.

पिसिलानं दोन्ही कागद वाचून दाखवले. आत्यानं डोळे मिटून ऐकले. बाहेर कुणाचं तरी डुक्कर नारळाच्या करवंट्या फोडत होतं.

"या दोघांनी तुझं हाड पाहिलं?" तिनं विचारलं.

"तुकडा पाहिला."

"तुकडा बघून माणूस कळतो?"

पिसिलानं कागदांच्या घड्या घातल्या.

"कापायचं नाही," आत्या म्हणाली. "आधी सोसायाची हाडं बघायची. मूळ शिरलं असेल. जिथं त्याच्या हाडात मूळ, तिथंच पोराच्या अंगात गाठ. ते काढलं म्हणजे कळेल."

सोसाया म्हणजे लिसिआतेचा बाप. तो गेला तेव्हा लिसिआते पाच वर्षांचा होता. समुद्रावर वारा लागला आणि छातीत बसला, असं त्याला सांगितलेलं. पुरलेल्या वडीलधाऱ्याच्या हाडाला झाडाचं मूळ टोचलं की ते दुखणं वंशातल्या कुणाच्या तरी अंगात निघतं, हे मात्र त्याला सांगावं लागलं नाही. ते बेटावर लहान पोरालाही ठाऊक होतं. हाडं काढावी, मूळ तोडावं, तेल लावावं, नव्या कापडात गुंडाळून परत ठेवावी. त्यानं बरी झालेली माणसं गावात होती. न झालेलीही होती, पण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे.

लिसिआतेला बरं वाटलं. ऑकलंडचा कागद एकटा होता; आता त्याच्या बाजूला आत्याही बसली.

एक गोष्ट तेवढी पिसिलाच्या ध्यानात राहिली. 'कापायचं नाही' म्हणताना म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

घरी आल्यावर पिसिला चुलीपुढं भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाईंनी तुझा पाय पाहिला तरी का? माझी चटई पाहिली नुसती."

"बापाची बहीण ती. मी तिच्यापुढं मांडी उघडी टाकू?"

"डॉक्टरनं तुकडा पाहिला म्हणून त्यांना चालला नाही. त्यांनी तर तुकडाही नाही पाहिला."

"पिसिला."

"नाही बोलत," ती म्हणाली, आणि खरंच दोन दिवस बोलली नाही.

*

तयारीला आठ दिवस लागले. हाडं गुंडाळायला सालीचं नवं कापड लागतं, जुनं चालत नाही. बायका छपरीत बसून तुतीची ओली साल लाकडी मोगऱ्यांनी ठोकू लागल्या. टक, टक, टक, दिवसभर. चंदनाचं खोबरेल कढवलं गेलं. लिसिआते अंगणात बसून कोनफळांचे तुकडे राखेत घोळवत होता, आणि प्रत्येक ठोका त्याच्या मांडीच्या हाडात उमटत होता.

तिसऱ्या दिवशी त्यानं सहज ठोके मोजले. छपरीत बायका पाच होत्या. पाच जणींची लय बसली की पाच ठोक्यांचं एक आवर्तन होतं. त्याला सहा ऐकू येत होते. सहावा किंचित मागून यायचा, बोदा, जड, लाकडावर नाही तर हाडावर पडल्यासारखा. त्यानं मान वळवून पाहिलं. बायका पाचच होत्या.

मग त्या जेवायला उठल्या. पाच ठोके थांबले. सहावा थांबला नाही. त्यानं मांडीवर तळवा दाबून धरला, तेव्हा कुठं तो हळूहळू विझला.

"काय झालं?" पिसिलानं विचारलं. त्याचा चेहरा बघून तिनं अबोला सोडला.

"छपरीत कुणी राहिलंय का बघ."

तिनं जाऊन पाहिलं. ओल्या सालीवर माश्या बसल्या होत्या. बाकी कुणी नव्हतं.

*

दफनभूमी बेटाच्या टोकाला, सुरूच्या झाडांखाली. वाळूचे उंचवटे, कडेनं पांढरं पोवळं, वर काळे गोटे मांडलेले. सुरूतून वारा वाहतो तेव्हा कुणीतरी दातांवर दात धरून श्वास घेतंय असं वाटतं. त्या सकाळी वारा नव्हता, तरी तो आवाज चालू होता.

खणायचं काम फेलेती आणि त्याच्या भावांचं. मेलेल्याच्या आजोळचे ते. मातीत हात घालायचा मान म्हणा, भोग म्हणा, त्यांचा. लिसिआतेनं जवळ यायचं नव्हतं. जिवंतपणी बापाच्या डोक्याला मुलानं हात लावू नये, मेल्यावरही नाही. त्याला पायथ्याकडं दहा हातांवर बसवलं होतं, पाय चटईखाली. आत्या उशाकडं, चटयांच्या थरावर बसली होती. बहिणीची जागा तीच.

पहारींनी वरची वाळू काढली. मग करवंट्यांनी. मग नुसत्या हातांनी. फेलेती गप्प होता. तो गप्प असला म्हणजे लोक घाबरत. कोरडी वाळू संपून ओली लागली. मग त्याचा हात थांबला.

"आहे," तो म्हणाला.

हाडं चहाच्या रंगाची झाली होती. जुनं कापड बोट लावताच विरघळत होतं. लिसिआतेला तिथून फक्त भावांच्या पाठी दिसत होत्या. मांडीतला ठणका वाढत चालला. जसजशी वाळू निघत होती तसतसा तो वर चढत होता, जणू खणणं त्याच्याच पायात चाललं होतं. त्यानं ओठ चावून धरला. रक्ताची चव आली.

"सापडलं!" फेलेती ओरडला. "मूळ सापडलं! मांडीला विळखा! उजव्या मांडीला!"

बायकांनी एकच गलका केला. फेलेतीनं मूळ दोन बोटांत धरून वर दाखवलं. सुरूचं ते, लालसर, करंगळीएवढं. एक टोक उशाकडच्या मातीतून आलेलं, दुसरं तीन वेढे घेऊन खाली गेलेलं. त्यानं सुरी लावली.

मूळ तुटलं आणि लिसिआतेचा ठणका गेला. कमी झाला नाही. गेला. दिव्यातली वात उपसून घ्यावी तसा. इतके महिने जे अंगात ओरडत होतं ते गप्प झालं, आणि त्या शांततेनंच त्याला गरगरलं.

"गेलं," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "पिसिला, गेलं! दुखणं गेलं!"

बायका रडायला लागल्या. कुणीतरी स्तोत्र धरलं, बाप्यांनी खालचा सूर दिला. फेहिया नर्ससुद्धा आली होती. तिनंही डोळे पुसले. पिसिलानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "मला खाली उतरवा."

"आत्या, वाळू ढासळेल," फेलेती म्हणाला.

"उतरव."

तिला काखेत धरून उतरवलं. म्हातारी खड्ड्यात भावाच्या पायांशी बसली. मांडीचं हाड तिनं उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. मुळाचा तुटका विळखा अजून त्यावर होता. नखांनी ती एकेक वेढा सोडवू लागली. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा सुटला आणि तिचे हात थांबले.

स्तोत्र चालू होतं. मग पुढं उभ्या असलेल्यांनी पाहिलं आणि ते थांबलं. मग मागच्यांचं थांबलं.

मूळ आत शिरलंच नव्हतं. ते एका गाठीला वळसा घालून गेलं होतं. गुडघ्याच्या वर चार बोटांवर, आतल्या अंगाला, हाड फुटून वर आलं होतं, उकळी फुटताना गोठावं तसं. भोकाभोकांचं, समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडासारखं, मुठीहून मोठं. आत्यानं त्यावर तळवा ठेवला. तळवा पुरला नाही.

मग बोलली ती खड्ड्यातूनच, वर न बघता.

"हे मी आज पाहतेय."

तिचा तळवा अजून गाठीवरच होता.

"त्याचा पाय दुखतो एवढं मला माहीत होतं. बहिणीनं भावाच्या मांडीकडं बघू नये. त्याच्या अंगाचं बोलणंही काढू नये. आम्ही नाही काढलं. मोठ्या बेटावर तेव्हा एक डॉक्टर होता, तो म्हणाला कापू. दुसरा म्हणाला थांबा. सोसाया मला विचारायला आला. मध्ये कापडाचा पडदा होता. पलीकडून म्हणाला, अक्का, काय करू? मी अलीकडून म्हणाले, कापायचं नाही, आधी बाबांची हाडं बघू."

लिसिआते ऐकत होता. त्याच्या मांडीत काहीच होत नव्हतं. ती जागा नुसती शांत होती.

"बाबांच्या हाडाशी मूळ सापडलं. असंच लाल. कापलं."

"मग?" लिसिआतेनं विचारलं.

"मग त्याचंही दुखणं थांबलं."

सुरूतला तो श्वासासारखा आवाज एकदम बंद झाला. कधी बंद झाला ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"त्या वर्षी चर्चच्या जेवणावळीत तो नाचला म्हणे," आत्या म्हणाली. "भाऊ नाचायला उठला की बहिणीनं निघून जायचं, म्हणून मी पाहिलं नाही. सगळी कोनफळं त्यानं एकट्यानं लावली. ती काढायच्या आधी खोकला लागला. रक्त पडायला लागलं. लोक म्हणाले समुद्राचा वारा लागला. मी म्हटलं, हो, वारा."

मग तिनं हाडाला तेल लावलं. गाठीच्या एकेका भोकात बोट फिरवून लावलं, जसं तान्ह्या पोराच्या कानामागं लावतात. नव्या कापडात गुंडाळून खाली ठेवलं आणि हात वर केले. फेलेतीनं तिला बाहेर काढलं. ती तशीच, वाळूनं माखलेली, लिसिआतेपाशी आली.

"चटई काढ."

"आत्या, इथं, सगळ्यांच्या देखत..."

"काढ म्हणते ना."

सगळ्यांनी तोंडं फिरवली. लिसिआतेनं चटई बाजूला केली. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण लाजेनं त्याचे कान तापले. आत्यानं त्याच्या मांडीवर तोच तेलकट हात ठेवला. बोटांनी चाचपलं. चार बोटं मोजली. आतल्या अंगाला दाबलं.

"दुखतंय?"

"नाही. शपथ, आत्या. काही नाही. कधी नव्हतं इतकं बरं वाटतंय."

"हां," आत्या म्हणाली. "मंगळवारच्या बोटीनं निघायचं. कापायचा."

"पण दुखणं गेलंय! आणि तो ऑकलंडचा कागद..."

"त्या कागदानं हे पाहिलं नाही. मी पाहिलंय." मग तिचा आवाज उतरला. इतक्या लोकांत ती पहिल्यांदाच भाच्याशी हुकमाशिवाय बोलली. "पोरा, एकदा मी न बघता सांगितलं. आता बघून सांगतेय. ऐक."

*

मधले पाच दिवस मोटुलालोच्या लोकांना विसरता आले नाहीत. लिसिआतेचा पाय वाकू लागला होता. गाठ तेवढीच होती, पण पाय वाकत होता. तो पहाटे रानात जाई आणि दिवस मावळेपर्यंत खड्डे काढी. पहिल्या दिवशी अठरा. दुसऱ्या दिवशी चोवीस. मधला रविवार तेवढा देवाचा गेला. फेलेती शेजारच्या ओळीत मागं पडू लागला आणि थट्टा करायचं विसरला.

"जरा दम खा की," तो एकदा म्हणाला.

"दम लागतच नाही. बघ ना." लिसिआतेनं दोन्ही पायांनी खड्ड्यात उडी मारली आणि दोन्ही पायांनी वर आला. घामानं निथळत, हसत. फेलेतीच्या अंगावर काटा आला; तो लपवायला त्यानं पाठ केली.

पिसिला रोज बांधावर जेवण घेऊन येई आणि बघत बसे. हेच तर तिला हवं होतं, नवरा उभा राहावा, रान पुरं व्हावं. पण त्याची ती चाल बघून ती ताटावरचं फडकं पुन्हा पुन्हा घट्ट बांधी. कुत्रा तिच्याशी लगटून बसे. तो आता गुरगुरत नव्हता. कान पाडून थरथरत होता.

शेवटच्या दुपारी शेवटचा तुकडा मातीत गेला. लिसिआतेनं वर माती लोटली, पायानं दाबली. उजव्या पायानं.

"दुखत नाही गं," तो हळूच म्हणाला. "थोडं थांबून बघितलं तर? एकच महिना?"

पिसिलानं ताट गोळा केलं. "तुझा बाप नाचला तेव्हा तुझी आईसुद्धा हेच म्हणाली असेल, एकच महिना."

तो बराच वेळ खड्ड्यांच्या ओळींकडं बघत उभा राहिला. कुणी धरून नेणार नव्हतं. आत्याचा शब्द मोडणाऱ्याला बेटावर कुणी हात लावत नाही, नुसतं त्याच्या घरी जेवत नाहीत. मनात आणलं असतं तर तो राहू शकला असता.

मंगळवारी धक्क्यावर सगळा गाव होता. आत्या आधीच बोटीत चटई टाकून बसली होती; पिसिला आणि फेलेतीही बरोबर जाणार होते. वीस वर्षांत तिनं बेट सोडलं नव्हतं. फळीवर चढताना फेलेतीनं खांदा पुढं केला. लिसिआतेनं तो घेतला नाही. तो पाय आपला आपण चालत बोटीवर गेला.

*

पाय काढल्याच्या पाचव्या दिवशी राजधानीच्या इस्पितळातला सर्जन खाटेशी आला. काढलेलं हाड त्यांनी उभं चिरून पाहिलं होतं.

"दोघांचंही बरोबर होतं," तो म्हणाला. "वरचा कोंब साधाच, जुना. ऑकलंडला तो गेला. पण खाली, जिथून तो फुटला, तिथं बिघडलं होतं. सुवाला तो गेला. छातीचा फोटो स्वच्छ आहे. आणखी वाट पाहिली असती तर तो स्वच्छ राहिला नसता."

"दुखत का नव्हतं मग?" पिसिलानं विचारलं.

सर्जननं कागद चाळले. "ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

चिरलेला पाय इस्पितळानं परत दिला. आत्या तो त्याच संध्याकाळी फेलेतीबरोबर मासळीच्या बर्फाच्या पेटीत घालून बोटीनं घेऊन गेली. सोसायाच्या पायथ्याशी पुरायचा, असं तिचं ठरलं होतं.

त्या रात्री लिसिआतेला थंडी वाजत राहिली, नसलेल्या पोटरीला. सकाळी तो स्थिर खाटेवर ओकला. "बोट हलतेय," म्हणाला. नर्सनं सांगितलं, असं होतं, कापलेल्या शिरांना कळत नाही.

दुपारी तो डोळे मिटून पडला होता. पिसिला त्याच्या कपाळाला वारा घालत होती.

"आता ऊन लागतंय," तो म्हणाला. "पेटी उघडली."

"बोलू नकोस. पड."

"कुणीतरी बोटांच्या बेचक्यांत तेल लावतंय. एकेक बोट धरून. हात खरखरीत आहे." त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आत्या आहे. रडतेय ती. पायावर पडतंय."

पिसिलाचा पंखा थांबला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं तिनं टाळलं. तिनं त्याच्या कमरेखाली पाहिलं. एका बाजूला चादर पायावरून उंच गेली होती, दुसऱ्या बाजूला मांडीनंतर एकदम सपाट. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं त्या सपाट जागेवर, जिथं गुडघा असता तिथं, हात ठेवला.

"पिसिला," लिसिआते म्हणाला, "तो हात काढ गं. वाळूच पुष्कळ जड आहे."